कागदपत्रांची पेटी आणि तिची किल्ली

मुंबई-कोलकाता महामार्गावरील कोहमारा हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील चौफुलीचे गाव. अशा गावांत ग्रामीण माणसाला सरकार भेटते ते आता कचेरीत नव्हे, तर संगणकाच्या टेबलापाशी. धान विकायचे तर नोंदणी हवी. नोंदणीला सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक हवे. मुलाच्या शिष्यवृत्तीला जातीचा नि उत्पन्नाचा दाखला हवा. हे सारे दस्तऐवज घरातील पत्र्याच्या पेटीऐवजी शासनाच्या डिजिलॉकरमध्ये सुरक्षित राहावेत, ही योजना १ जुलै २०१५ रोजी सुरू झाली. २०१७ च्या नियमांनी तेथून मिळणाऱ्या दाखल्याला मूळ प्रतीचा दर्जाही दिला. योजना वाईट नाही. वाळवी न लागणारा आणि पावसात न भिजणारा कागद श्रीमंतापेक्षा गरिबालाच अधिक हवा असतो.

परंतु पेटी दिली म्हणजे किल्लीही दिली असे होत नाही.

ही किल्ली म्हणजे मोबाईलवर येणारा ओटीपी आणि सहा आकडी पिन. ज्याच्यापाशी मोबाईल नाही, ज्याला पडद्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत, तो ही किल्ली टेबलामागच्या माणसाला देऊन मोकळा होतो. ओटीपी चारचौघांत मोठ्याने सांगितला जातो, पिन दुसऱ्याच्या वहीत लिहिला जातो, आधारची प्रत व्हॉट्सॲपवर जाते आणि काम झाल्यावरही त्याच संगणकात पडून राहते. केंद्रचालकाला यासाठी खलनायक ठरविण्यात अर्थ नाही. कामागणिक मिळणाऱ्या चार पैशांवर तोही कसाबसा जगतो. दोष आहे तो नागरिकाला शिकविण्याची जबाबदारी टाळून त्याच्यावर यंत्र लादणाऱ्या शासनाचा. निरक्षर शेतकऱ्याला कागदाच्या जोरावर कसे नाडले जाते, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दाखविले होते. कागद गेला, पण तो वाचून दाखविणाऱ्याची सत्ता गेली नाही!

वरच्या टोकालाही सारे निर्धास्त आहे असे नाही. २०२० मध्ये डिजिलॉकरच्या प्रवेशव्यवस्थेतच दोष आढळला व तो दुरुस्त करावा लागला. शहरातील सुशिक्षित ज्यांच्या भरवशावर आपले पासवर्ड ठेवतात, त्यांपैकी ‘लास्टपास’ या अमेरिकी कंपनीच्या साठ्यातून २०२२ मध्ये ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीस गेल्या. आतील पासवर्ड सांकेतिक लिपीत होते खरे. पण ज्यांचा मुख्य पासवर्ड दुबळा, त्यांची तिजोरीही दुबळीच.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर सहा वर्षांनी वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. त्यात कंपन्यांना अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र सरकारी यंत्रणांना अधिसूचना काढून त्यातून वगळण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडेच राखला. चौकीदाराने स्वतःची झडती माफ करून घ्यावी, तसा हा प्रकार.

म्हणून मागणी साधी आहे. ओटीपी आला नाही म्हणून कोणाचे धान्य, शिष्यवृत्ती वा धानाची नोंदणी अडता कामा नये. कागदी दाखला पूर्वीसारखाच चालला पाहिजे. काम संपताच केंद्रातील प्रती पुसण्याचे बंधन हवे आणि त्याची तपासणी ग्रामसभेपुढे व्हावी. आणि पिन स्वतः कसा ठरवावा, तो कोणालाही का सांगू नये, हे शिकविणारा पगारी माणूस प्रत्येक ग्रामपंचायतीत शासनाने आपल्या खर्चाने नेमावा.