बेअरिंग, हातोडा आणि सातपर्यंतची गाडी

तर झालं असं की आमच्या गाडीला परत आवाज यायला लागला. घूंऽऽऽ. साठच्या पुढे गेलं की कानाशी भुंगा. बाबांनी आपल्या परीने त्यावर उपाय शोधला होता, रेडिओचा आवाज वाढवायचा!

चिडण्यासारखं काय, तर पुढच्या डाव्या चाकाचं हे बेअरिंग चारच महिन्यांपूर्वी गॅरेजमध्ये बदललं होतं. नवीन, डबाबंद. मूळचं लाखभर किलोमीटर चाललं आणि हे चार महिन्यांत बोंबललं. आई-बाबा महिन्यातून एकदा ह्याच गाडीतून खंबाटकी ओलांडून साताऱ्याला आजीकडे जातात. म्हणजे 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणायची सोय नव्हती.

मी मेकॅनिकलचा. म्हणजे डिग्री मेकॅनिकलची, पोट जावावर. भांडारींच्या मशीन डिझाइनच्या पुस्तकातून बेअरिंगच्या आयुष्याची गणितं रात्र रात्र सोडवली होती: भार दुप्पट झाला की बॉल बेअरिंगचं आयुष्य एक अष्टमांश, वगैरे. पण खरं बेअरिंग हातात धरलं नव्हतं. आणि हे चिंचवडला, एसकेएफचा कारखाना गावात असताना! "इंजिनियर ना तू?" हा बाबांचा आवडता प्रश्न. ह्या वेळी म्हटलं, होऊनच जाऊ दे.

आधी खात्री केली. घुसलेला टायरही असाच घुमतो. पण गाडी उजवीकडे वळवली की वजन डाव्या चाकावर येतं आणि आवाज वाढतो, डावीकडे वळवली की कमी होतो. मग चाक उचलून हाताने फिरवलं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला. आतली खरखर बोटांना स्पष्ट कळली.

मधलं काम मेहनतीचं आहे, अवघड नाही. अ‍ॅक्सल नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करायचा. बाबा ब्रेकवर पाय देऊन बसले आणि मी पान्याला चार फुटी पाइप लावून लोंबकळलो. मग जॅक, आणि जॅकखेरीज स्टँड. (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका, कृपा करून.) कॅलिपर तारेने टांगला, कारण ब्रेकच्या होजवर त्याचं वजन येता कामा नये. बॉल जॉइंट सोडवता सोडवता दुपार झाली. आईने पोहे पार्किंगमध्येच पाठवले. शेवटी नकल हबसकट बाहेर आलं.

इथे मात्र मी थांबलो. यूट्यूबवर लोक पुढचं काम हातोड्याने करतात. मी नकल पोत्यात गुंडाळलं, स्कूटरवर ठेवलं आणि भोसरीला लेथवाल्याकडे गेलो. तिथे सुट्टी गुरुवारी, त्यामुळे रविवारी प्रेस चालू असतो.

हब दाबून काढला तर बेअरिंगची आतली अर्धी रिंग त्यालाच चिकटून आली. लेथवाल्याने ती पुसली, उजेडात धरली आणि म्हणाला, "हे बघा साहेब." गोळ्या जिथून धावतात त्या वाटेवर बारीक खळगे होते, सारख्या अंतरावर. गोळ्यांच्याच अंतरावर. म्हणजे कोणीतरी बेअरिंग ठोकून बसवलं होतं आणि प्रत्येक घाव एका रिंगकडून गोळ्यांमधून दुसऱ्या रिंगकडे गेला होता. बेअरिंग नकलमध्ये घालताना बाहेरच्या रिंगवरच दाबायचं, आणि हब घालताना आतल्या रिंगला खालून आधार द्यायचा. नियम एवढाच. हे बेअरिंग गाडीला लागायच्या आधीच मेलं होतं.

पहिल्यांदा मनात आलं ते त्या गॅरेजवाल्याला शिव्या घालायचं. पण मग आठवलं, त्या दिवशी फोन मीच केला होता: "सातपर्यंत द्या हो, उद्या सकाळी निघायचंय." मजुरीतही घासाघीस मीच केली. प्रेसला न्यायला-आणायला अर्धा दिवस जातो, हातोड्याने पंधरा मिनिटांत होतं. शुक्रवारी संध्याकाळी 'आजच हवंय' म्हणून क्लायंट मागे लागतो तेव्हा आम्ही जो कोड चढवतो, तो काय वेगळा असतो? त्याने ठोकलं हे चूकच. पण घाई माझी होती.

ऑफिसात सांगितलं तर एकाने हिशोब मांडला: तुझ्या तासाचा दर धर, वर एक रविवार धर, तोट्यात आहेस. मला हा हिशोब पटत नाही. रविवारचे तास मला कोणी विकत घेत नाही, तसेही ते सिरीज बघण्यात जातात. आणि मी पैसे वाचवायला बसलोच नव्हतो. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये काय विचारायचं ते आता मला ठाऊक आहे: "बेअरिंग प्रेसवर बसवणार ना? मग गाडी उद्या दिली तरी चालेल, प्रेसचे वेगळे घ्या." लेथवाल्याने माझ्याकडून तीनशे घेतले. प्रत्येकाने पार्किंगमध्ये गाडी खोलावी असं मी म्हणत नाही, पण एवढा प्रश्न तरी विचारता यायला हवा. आम्ही चार वर्षं फी भरून शिकलेल्यांनी तर नक्कीच.

असो. नवा नट, टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. अंधार पडता पडता कात्रजपर्यंत चक्कर मारली. ऐंशीला गाडीत चिडीचूप. बाबांनी हात पुढे करून रेडिओ बंद केला, जरा वेळ कान दिला आणि म्हणाले, "मागून काहीतरी किरकिरतंय का रे?"