सातबारा, फेरफार आणि आपला सेटर

आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) सातबाऱ्यावरचं नाव बदलायचं म्हटलं, तर तलाठी भाऊसाहेब थेट सातबाऱ्याला हात लावत नाहीत. निदान कायदा तरी तसाच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे नोंद आधी फेरफार रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना ६ ला होते. चावडीवर नोटीस लागते, ज्यांचा हक्क आहे त्यांना ती लेखी कळवली जाते. हरकत आली तर तिची वेगळी नोंद होते. मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला की मगच सातबारा बदलतो.

आता आपल्या लॅबमध्ये या. पायथॉनच्या प्रोजेक्टमध्ये विद्यार्थ्याचे मार्क्स एका व्हेरिएबलमध्ये असतात. प्रोग्राममधली कुठलीही ओळ ते बदलू शकते. शंभरपैकी दोनशे केले तरी कोणी विचारत नाही. नावाआधी अंडरस्कोर लावला तरी ती फक्त विनंती असते, कुलूप नव्हे.

यावर उपाय नाही असं नाही. पायथॉन २.२ मध्ये, २००१ साली, प्रॉपर्टी आली. बाहेरून साधं व्हेरिएबलच दिसतं, पण किंमत टाकताना आपलं फंक्शन चालतं. तेच सेटर. सेटर दिलाच नाही तर किंमत वाचता येते, बदलायला गेलात की एरर! आणि आधी साधं ठेवलेलं व्हेरिएबल नंतर प्रॉपर्टी केलं, तरी ते वापरणारा कोड बदलावा लागत नाही.

पण आपण काय करतो? व्हायवात विचारतात म्हणून प्रत्येक व्हेरिएबलला गेटर-सेटर लावतो आणि आत एकही अट लिहीत नाही. म्हणजे हॉस्टेलच्या गेटवर वॉचमन आहे, रजिस्टर आहे, पण कोणीही या, कधीही या! माझं स्पष्ट मत आहे, की अट लिहायची नसेल तर सेटर लिहूच नका. साधं व्हेरिएबल निदान खोटा धीर तरी देत नाही.

दुसरा मुद्दा नोटिशीचा. टीसीएल नावाच्या जुन्या स्क्रिप्टिंग भाषेत ट्रेस नावाची सोय आहे. व्हेरिएबल वाचलं, लिहिलं किंवा काढून टाकलं की आपण सांगितलेला कोड चालतो. गंमत अशी, की लिहिण्याचा ट्रेस चालतो तेव्हा किंमत आधीच बदललेली असते. चुकीची असेल तर जुनी किंमत आपणच परत टाकायची, आणि त्यासाठी ती आधी जपून ठेवलेली हवी. सेटरमध्ये मात्र अट आधी तपासून किंमत बाहेरच अडवता येते.

हा फरक नीट समजून घ्यायला हवा. पैसे गेल्यावर येणारा एसएमएस ही खबर झाली, संरक्षण नव्हे. फेरफाराच्या नोटिशीला किंमत आहे, कारण ती सातबारा बदलण्याआधी येते आणि हरकत घ्यायला जागा ठेवते.

उद्या आपल्यापैकीच कोणीतरी रेशनचं, पीकविम्याचं किंवा जमिनीचं सॉफ्टवेअर लिहिणार आहे. तिथे व्हेरिएबल म्हणजे कोणाचं तरी शेत असेल. तेव्हा सेटर लिहिताना तीन प्रश्न विचारा. बदल कोण करतंय? नियमात बसतो का? ज्याचं नुकसान होईल त्याला आधी कळणार का? कोड चालतो की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा!