बूट हे अवजार आहे, चैन नाही



खरीप तोंडावर आहे. धानाचं बी, खत, ट्रॅक्टरचं भाडं, रोवणीची मजुरी असा खर्चाचा कागद एव्हाना बहुतेकांनी मांडला असेल. त्या कागदावर पायात घालायच्या वस्तूची एक ओळ आहे का, बघा. मी तरी आजवर एकाच्याही वहीत पाहिली नाही. मेळाव्यात वाटतात त्या लागवड खर्चाच्या तक्त्यातही पाहिली नाही. आठवडी बाजारातून शंभर-दीडशेची स्लीपर येते, पट्टा निसटला की खालून पिन टोचायची, आणि तीच घालून बांधीत, धुऱ्यावर, जंगलात सगळीकडे फिरायचं. रोवणीला तर तीही धुऱ्यावर काढून ठेवायची.

याला लोक शेतकऱ्याचा साधेपणा म्हणतात. मी म्हणायला तयार नाही.

आपल्याच चंद्रपूर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बल्लारपूर-घुग्घुसकडे, कोळशाच्या खाणी आहेत. १९५७ च्या कोळसा खाण नियमावलीत लिहिलेलं होतं की संरक्षक बूट घातल्याशिवाय कोणी खाणीत कामाला जायचं नाही, आणि ते बूट पुरवण्याची जबाबदारी मालकाची. ही गोष्ट १९५७ सालची! वनरक्षकाच्या गणवेशातही बूट असतो. त्याच वनरक्षकाच्या बीटमध्ये मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारी बाई मात्र स्लीपरवर. जंगल तेच, काटा तोच, सापही तोच. फरक एवढाच की एकाच्या पायाची जबाबदारी कागदावर कोणाच्या तरी नावाने लिहिली आहे, दुसरीच्या पायाची कोणाच्याच नावाने नाही.

आता सापाचंच बोलू. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. म्हणजे पऱ्हे टाकण्यापासून निंदणापर्यंतचे आपले दिवस. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. चांगलं आहे. प्रतिविषाची कुपी प्राथमिक आरोग्य केंद्रात असलीच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण शेतात चावा बहुतेक वेळा घोट्याच्या आसपास होतो. घोणस, जिला आपल्याकडे परड म्हणतात, ती धुऱ्यावरच्या गवतात निपचित पडून असते आणि पाय पडला की तिथेच धरते. त्या जागी दोन मिलिमीटर जाड चामडं आणि आत अस्तर असेल तर तिचा दात आत जाणं अवघड होतं. हमी कोणी देऊ शकत नाही, मीही देत नाही. पण उघड्या घोट्यापेक्षा हजारपट बरं, की नाही?

बुटाने सगळं थांबेल असं समजू नका. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तिथे खाट आणि मच्छरदाणी कामाची. कापणीनंतर कडपा उचलताना दंश हाताला होतो. आणि वाघापुढे बूट काय करणार? मे २०२५ मध्ये आपल्याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी गेल्या. त्या दुःखाला बुटाचं उत्तर नाही.

तरी एक हिशोब मांडतोच. वाघाने मारलं तर वारसाला वन विभागाकडून २५ लाख. सापाने मारलं तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून २ लाख, तेही सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या आणखी एकाला. रोवणीच्या टोळीत चिखलात उभ्या असलेल्या दहा बायांपैकी किती जणींच्या घरी सातबारा आहे, हे तुम्हीच मोजा. भूमिहीन मजुराच्या बाईला परड चावली तर ती या योजनेत बसतच नाही. मेल्यावर द्यायच्या पैशाची ही तऱ्हा, मग जिवंतपणी पायात काय आहे हे कोण विचारणार?

बुटाचा विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "चिखलात कायले बूट घालता जी?" बरोबर आहे. चिखलणी केलेल्या बांधीत चामड्याचा बूट घालून उतरणारा माणूस वेडाच म्हणावा. तिथे गमबूटही पाय सोडत नाही, बूट चिखलात राहतो नि पाय वर येतो. रोवणी अनवाणीच होणार, मान्य. पण रोवणी किती दिवसांची? आणि वर्ष किती दिवसांचं? रात्री पाणी बघायला जाणं, धुरे साफ करणं, बांधणी, पुंजणे रचणं, रब्बीचा हरभरा-लाखोरी, मोहफूल वेचणं, सरपण, कुंपणाच्या काट्या तोडणं ही सगळी कामं कोरड्यावरची किंवा ओल्या गवतातली आहेत. धुऱ्यावरची तूर विळ्याने तिरपी कापतो, तिचं धसकट भाल्यासारखं उभं राहतं. बांबूच्या बेटातलं खुंट तसंच. स्लीपरच्या फोममधून ते सरळ तळव्यात जातं. मग हळद लावायची, चिंधी बांधायची आणि धनुर्वाताचं इंजेक्शन "उद्या बघू". आपल्या भागात हत्तीपायाचे रुग्ण आहेत, त्यांच्या पायाला पडलेली छोटी भेगही पुन्हा सूज नि ताप घेऊन येते. अनवाणी ओल्या मातीत फिरणाऱ्याच्या तळव्यातून अंकुशकृमी शिरतो आणि रक्त कमी करतो, हे आशाताई सांगतातच.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. धान म्हणजे लक्ष्मी, शेतात चप्पल घालून जायचं नाही. खळ्यावर मीही पायातलं काढतो आणि काढत राहीन. पण धुऱ्यावरच्या गवताला कोणती लक्ष्मी? जी मंडळी हे ठासून सांगतात तीच ट्रॅक्टरच्या लोखंडी केजव्हीलने बांधी तुडवून घेतात. लक्ष्मीला चाक चालतं, चामडं चालत नाही, हा न्याय मला समजला नाही. चामड्याला आणि चामडं कमावणाऱ्याला गावाबाहेर ठेवायची जुनी खोड यात किती, आणि श्रद्धा किती, ज्याने त्याने मनाशी तपासावं.

मग रबरी गमबूटच का नको? पावसाळ्यात तो हवाच. पण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४६ च्या पुढे जातो. त्या उन्हात गमबुटात पाय अक्षरशः शिजतो, आणि पावसाळ्यातही दिवसभर घातला तर बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. चामडं घाम बाहेर सोडतं, पायाचा आकार धरतं, फाटलं तर मोची शिवून देतो. गंमत बघा, चामडं कमावायला हिरडा आणि बाभळीची साल लागते. कोल्हापुरीचं चामडं असंच कमावतात. हिरडा आपल्या जंगलातून पोत्याने जातो. आपल्या पायात मात्र परत काही येत नाही.

आता पैशाचं. विळा, कुदळ, फावडं यांच्यावर जीएसटी शून्य, कारण ती शेतीची हातअवजारं. सप्टेंबर २०२५ च्या बदलात ट्रॅक्टरवरचा कर ५ टक्क्यांवर आला, २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणावरही ५ टक्के झाला. त्याच्या वर गेलात की १८ टक्के. घोट्याच्या वर येणारा, अस्सल चामड्याचा, तळ बदलता येणारा बूट अडीच हजारात बसवणं कठीण. म्हणजे चार वर्षं टिकणारा बूट घेणाऱ्याला चैनीचा दर, आणि वर्षाला दोनदा फाटणारा घेणाऱ्याला सवलत. महाडीबीटीवर रोटाव्हेटर आहे, पॉवर टिलर आहे. २०२४ मध्ये कापूस-सोयाबीनवाल्यांना बॅटरीचे फवारणी पंप १०० टक्के अनुदानावर मिळाले. पंपाला अनुदान, पंप पाठीवर घेऊन चालणाऱ्या पायाला नाही. विळा हे अवजार असेल तर बूटही अवजार आहे, आणि तो त्याच यादीत आला पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे.

"सरकारने फुकट वाटावेत" असं मात्र मी म्हणत नाही, आणि त्याला कारण आहे. छत्तीसगडने तेंदूपत्ता तोडणाऱ्यांसाठी चरणपादुका योजना काढली, मध्ये बंद पडली, २०२५ मध्ये पुन्हा सुरू केली. कल्पना चांगली. मध्य प्रदेशानेही तेच केलं, आणि २०१८ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या तपासणीत त्या बुटांच्या आतल्या तळव्याच्या रंगात कर्करोगाशी नाव जोडलेलं ॲझो रसायन निघाल्याच्या बातमीने गदारोळ झाला. फुकटच्या वस्तूला माप नसतं, दर्जा नसतो, परत करायला दुकान नसतं. त्यापेक्षा अर्ध्या किमतीचं अनुदान खात्यात द्या आणि बूट आम्हाला घासून, वाकवून, पायात घालून निवडू द्या.

निवडताना काय बघायचं ते सांगतो. "जेन्युईन लेदर" या शिक्क्यावर जाऊ नका. चामड्याचा खालचा चिरलेला थर घेऊन त्यावर प्लास्टिकचा मुलामा दिला तरी तो शिक्का बसतो. बूट बोटांजवळ जोरात वाकवा. मुलाम्याला बारीक कागदासारख्या चिरा दिसल्या तर ठेवून द्या. कापलेली कड बघायला मिळाली तर तंतू दाट आहेत का बघा. तळ शिलाईचा असेल तर झिजल्यावर बदलता येतो. नुसता चिकटवलेला तळ आपल्या मे महिन्यात उकलतो. पीयूचा मऊ तळ हलका असतो, पण दमट हवेत पडून पडून आतून कुजतो. दुकानात तीन-चार वर्षं पडलेला असा बूट पहिल्याच पावसात भुग्यासारखा गळतो, म्हणून बनवल्याची तारीख विचारा. लोखंडी टोपीवाला बूट हवा असेल तर आयएसआय चिन्हाखाली आयएस १५२९८ हा आकडा असतो. पण रोज आठ-दहा किलोमीटर चालणाऱ्याला तो जड पडतो, मी तरी घेत नाही. भिजलेला बूट चुलीजवळ वाळवू नका, चामडं तडकतं. आत जुनं वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवा, मग एरंडेलाचा हलका हात फिरवा. जवसाचं तेल घरात आहे म्हणून लावू नका, ते वाळून कडक थर धरतं. युरिया फेकून आलात तर बूट ओल्या फडक्याने पुसा, खत शिलाई खातं.

आणि फवारणीला चामड्याचा बूट अजिबात नाही. चामडं औषध पिऊन घेतं आणि कितीही धुतलं तरी सोडत नाही. दुसऱ्या दिवशी तेच विष पायाला लागत राहतं. फवारणीला रबरी गमबूट, आणि पँटचा पाय बुटाच्या बाहेरून, आत खोचून नाही. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर गेले, तेव्हा किट, हातमोजे, मास्क यांच्यावर खूप बोललं गेलं. पायावर किती बोललं गेलं, कृषी सहायक मंडळींनी आठवून बघावं.

बायांच्या मापाचंही तेच. कामाचे बूट दुकानात सहा नंबरपासून वर. रोवणी, निंदण, कापणी, तेंदूपत्ता, सगळं करणाऱ्या बाईचा पाय चार-पाच नंबरचा. दुकानदार म्हणतो, "बाया घेत नाहीत." घेतील कशा, माप ठेवलं तर ना.

सिंदेवाहीत विभागीय कृषी संशोधन केंद्र आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे. दोन्ही ठिकाणच्या शास्त्रज्ञांना एक विनंती. धानाच्या वाणाची चाचणी घेता, तशी बुटाची घ्या. चामड्याचे दोन प्रकार, गमबुटाचे दोन, आणि तुलनेला स्लीपर. वीस शेतकरी, त्यातल्या निम्म्या बाया, भूमिहीन मजूरही धरा. मृग ते तेंदूपत्ता, पूर्ण वर्ष. काटा किती वेळा लागला, चिखल्या झाल्या का, तळ कधी सुटला, किती दिवस घरीच राहिला, एवढं वहीत लिहायचं. आमच्या गावातून पाच नावं मी देतो. तुमच्या गावातून कोण येईल ते खाली लिहा, पायाच्या मापासकट.