गप्प राहणे म्हणजे होकार?

निकाहाच्या वेळी वकील आणि दोन गवाह आतल्या खोलीत येऊन मुलीला विचारतात. ओढणीआडून आवाज येत नाही. शेजारी बसलेली खाला सांगते, "हो म्हणाली." सह्या होतात. कोंढवा असो की मोमीनपुरा, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

कुंवारी मुलगी गप्प राहिली तर तिची संमती समजावी, असे हदीसमध्ये आहे. पण तिची परवानगी विचारल्याशिवाय निकाह करू नये, हेही त्याच हदीसमध्ये आहे. ही सवलत तिच्या हयेसाठी आहे. नाही म्हणायची मोकळीकच नसेल, तर ते गप्प राहणे हया नव्हे, भीती असते. हजरत खन्सा बिन्ते खिदाम (रजि.) यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला. त्या रसूलुल्लाह (स.) यांच्याकडे गेल्या आणि तो निकाह रद्द झाला.

कायद्याला मात्र हा फरक कळायला वेळ लागला. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. १९७९ मध्ये चार कायदेपंडितांनी न्यायालयाला खुले पत्र लिहिले. त्यांत पुण्याच्या वसुधा धागमवार होत्या. त्यांचे म्हणणे साधे होते: शरण जाणे म्हणजे संमती नव्हे. १९८३ मध्ये कायदा बदलला. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती धरता येणार नाही, हे २०१३ मध्ये कायद्यात स्पष्ट आले.

आज आपली मुले-मुली कॉलेजात भेटतात, रात्री मोबाइलवर बोलतात. निकाहाबाहेरचे संबंध जायज नाहीत, हे त्यांना सांगायचेच. पण तेवढ्याने आपली जबाबदारी संपत नाही. बहिणीला कुणी काही विचारत नाही, अशा घरात वाढलेला मुलगा उद्या म्हणतो, "तिने कुठे नको म्हटले?" आणि जिला आपण जन्मभर "उलट बोलू नकोस" शिकवले, ती फोटो मागणाऱ्याला नाही कशी म्हणणार? अडचणीत आली तरी अम्मीला सांगत नाही.

म्हणून मुलाला सांगू या: उत्तर आले नाही, तर ते नाहीच समजायचे. आणि मुलीचे नाही घरातच ऐकून घेऊ या. रिश्ता आला, तर वकील येण्याच्या कितीतरी आधी अम्मीने तिला एकांतात विचारावे. नाही म्हटलेस तरी अब्बा रागावणार नाहीत, हे विचारण्याआधीच सांगावे.