अवग्रह मागितला होता का?



गेल्या मार्गशीर्षात आमच्या मंडळाने अडीचशे साधर्मिकांचे एक दिवसाचे स्नेहसंमेलन डोंगराच्या पायथ्याशी, मोकळ्या माळावर भरविण्याचे ठरविले. ग्रामपंचायतीचे ना-हरकत पत्र मिळाले, मंडपवाल्यास इसार दिला, पत्रिकाही वाटून झाल्या. आठ दिवस उरले असता वनरक्षकाचा निरोप आला, की तो माळ गावाचा नव्हे, राखीव वनाचा आहे. कचेरीत उत्तर मिळाले, "पायी फिरून या, परंतु मंडप, शेगडी आणि लाऊडस्पीकर यांना परवानगी मिळणार नाही."

तरुण मंडळी म्हणाली, "काका, वरती तुमची ओळख आहे. एक फोन करा." मी फोन हाती घेतलाही होता. चाळीस वर्षे व्यापार केलेल्या माणसास अडलेले काम सोडविण्याचा हाच मार्ग प्रथम सुचतो. मात्र वंदनाची वेळ झाली होती, म्हणून आधी उपाश्रयात गेलो. विहारात तेथे थांबलेल्या साध्वीजी महाराजसाहेबांना हकिगत सांगितली. त्यांनी एवढेच विचारले, "पुण्यवान, अवग्रह मागितला होता का?"

आपले साधू-साध्वी कोणत्याही जागी उतरण्यापूर्वी तिच्या स्वामीची अनुमती घेतात, तोच अवग्रह. गवताची काडी वा चिमूटभर राखही ते मागितल्याविना उचलीत नाहीत. जे दिलेले नाही ते घेणे म्हणजे अदत्तादान, आणि त्याचा त्याग हे तिसरे व्रत. श्रावकासाठी ते अणुव्रत असले तरी व्रतच आहे. आम्ही अनुमती मागितली होती खरी, परंतु जो त्या जागेचा स्वामी नव्हता त्याच्याकडे.

म्हणून आता मंडळाच्या वहीत पहिली ओळ अशी लिहिली आहे: जागा कोणाची, हे आधी सातबारावर पाहावे. राखीव वन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत उपवनसंरक्षकांकडे लेखी अर्ज करावा. 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनात विनापरवाना शिरणे वा आग पेटविणे हा गुन्हा आहे. अभयारण्य असेल तर 1972 चा वन्यजीव संरक्षण अधिनियम लागू होतो. त्यात प्रवेशाचे हेतू मोजून दिले आहेत: अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि तेथील रहिवाशांशी रीतसर व्यवहार. संमेलन वा लग्नसमारंभ त्यांत नाही. माथेरान, महाबळेश्वर-पाचगणीसारख्या संवेदनशील क्षेत्रांत तर जमीन खासगी असली तरी निर्बंध असतात. मालकाचा होकार तेथे पुरेसा होत नाही. लाऊडस्पीकरची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि उघड्या जागी रात्री 10 ते सकाळी 6 तो बंदच ठेवावा लागतो.

कोणी म्हणेल, दंड भरून मोकळे होऊ. दिल्लीत 2016 साली यमुनेच्या पूरमैदानावर एक भव्य सोहळा झाला. राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी 5 कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई ठरविली, आणि पुढच्याच वर्षी त्या मैदानाची हानी झाल्याचा निर्णयही दिला. पावती फाटली म्हणून जमीन पूर्ववत होत नाही.

याहून जवळचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी असलेले सम्मेदशिखर पर्यटनस्थळ होऊ नये, म्हणून आपला समाज रस्त्यावर उतरला. 5 जानेवारी 2023 रोजी केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक तरतुदी स्थगित केल्या. पारसनाथ पहाडावर मद्य, मांसाहार, लाऊडस्पीकर आणि विनापरवाना तंबू यांवरील बंदी कठोरपणे पाळावी, असा आदेशही दिला. तो ऐकून आपण पेढे वाटले. मग तोच नियम दुसऱ्या डोंगरावर आपल्या आड आला, तर ओळख शोधावयाची काय?

निघताना महाराजसाहेब आणखी एक गोष्ट सांगून गेल्या. शास्त्रात अदत्ताचे चार प्रकार आहेत. कचेरीच्या शिक्क्याने टळते ते केवळ स्वामी-अदत्त. पायाखालचे गवत आणि त्यातील मुंगी यांनी आपला प्राण कोणास दिलेला नसतो. ते जीव-अदत्त कोणत्याही परवान्याने टळत नाही. तेथे जयणाच हवी.

आम्ही संमेलन गावच्या धर्मशाळेत घेतले. मंडपाचा इसार बुडाला. तो मी माझ्या नावे लिहिला. सकाळी रीतसर परवान्याने चाळीस जण पायवाटेने, एका रांगेत, खाली पाहत डोंगरापर्यंत गेले. शेगडी पेटली नाही, कोणी पानही तोडले नाही. सूर्यास्तापूर्वी सर्वांचे भोजन आटोपले. फोन करावयास सांगणाऱ्या मुलानेच परतताना वाटेतील प्लास्टिक गोळा केले, आणि यंदाच्या संमेलनाचा अर्ज तीन महिने आधी त्यानेच नेऊन दिला.

त्या कचेरीतील अधिकाऱ्यांविषयी त्या दिवशी मनात कटुता आणली होती. त्याबद्दल मिच्छामि दुक्कडं.