पायाच्या जखमेला वाली कोण?

मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. महासंचालक, कर्मचारी राज्य विमा महामंडळ
यांस,



तिघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे, राग नसावा. एकाला लिहिलं की तो उरलेल्या दोघांकडे बोट दाखवतो, हा आम्हा मरोळकरांचा जुना अनुभव आहे. विषय तसा किरकोळच. पायाची जखम. महिनोन्महिने न भरणारी, वाहणारी, शेजारी बसलेल्याला नाकाला रुमाल लावायला लावणारी. तिने माणूस लगेच मरत नाही, म्हणून तिची बातमी होत नाही. पण ती आपल्याला ठाऊक नाही, असं मी मानत नाही. आपल्याच दवाखान्यांत पट्टी बदलायला आलेल्यांची रांग असते. ती आपल्या अधिकाऱ्यांनी पाहिली नसेल, असं कसं म्हणू?

मरोळमध्ये ही जखम का दिसते, तेही आपण जाणता. एमआयडीसी आहे, पलीकडे सीप्झ आहे. गेटवर बारा-बारा तास उभे राहणारे वॉचमन, कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बायका, इस्त्रीवाले, मशीनवरचे कामगार. खाली उतरलेलं रक्त वर चढताना पुन्हा खाली घसरू नये म्हणून पायातल्या शिरांमधल्या झडपा त्याला थोपवून धरतात. वर्षानुवर्षं उभं राहून त्या निकामी झाल्या की रक्त खालीच साचतं. घोट्याच्या वरची कातडी आधी काळवंडते, मग कडक होते, खाजते, आणि एक दिवस साध्या ओरखड्याचा व्रण होतो. त्यात साखरेचा आजार असेल तर विचारूच नका.

आमच्या शेजारच्या वहिनींचा व्रण असाच, डाव्या पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर. त्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला होत्या. पट्टी सकाळी बांधली तर दुपारपर्यंत ओली. पावसाळ्यात त्यावर दुधाची रिकामी पिशवी कापून गुंडाळायच्या आणि वर मोजा. शेवटी कँटीनवाल्याने सांगितलं, ‘ताई, जेवणाच्या जागी हे बरं दिसत नाही.’ ज्या रुग्णालयात त्या दाखवायला जात, तिथे एका डॉक्टरांनी ‘व्हॅक लावून घ्या’ असं सुचवलं. मशीनचं रोजचं भाडं आणि दर खेपेच्या किटची किंमत ऐकून वहिनींनी केसपेपरची घडी केली आणि त्या घरी आल्या. ते रुग्णालय कोणतं, हे मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की आपण एका डॉक्टरला नोटीस काढाल आणि विषय संपवाल.

आता या ‘व्हॅक’मध्ये असतं काय? जखमेच्या मापाचा स्पंज, त्यातून बाहेर काढलेली नळी, वरून हवाबंद चिकटणारा पारदर्शक पडदा आणि नळीच्या टोकाला हवा ओढणारा पंप. पंप सुरू झाला की फुगीर स्पंज मनुकेसारखा आक्रसतो आणि जखमेतला पाझर नळीवाटे डब्यात उतरू लागतो. सूज कमी होते, नवं लाल मांस धरू लागतं. पट्टी दोन-तीन दिवसांनी बदलायची. अमेरिकेतल्या अर्जेंटा आणि मोरिक्वास यांनी १९९७ साली ही पद्धत मांडली. दाब पाऱ्याच्या १२५ मिलिमीटरच्या आसपास, हवेच्या दाबापेक्षा कमी. एमआयटीच्या डॅनिएल झुरोव्सिक यांनी तर हाताने दाबून चालणारा, भात्यासारखा प्लास्टिकचा पंप बनवला. २०१० च्या भूकंपानंतर तो हैतीत वापरूनही पाहिला. वीज नको, भाडं नको.

एवढ्या लांबही जायला नको. आपल्याकडच्या सरकारी वॉर्डांत रेसिडेंट डॉक्टर गादीवाल्याकडचा स्पंज निर्जंतुक करून घेतात, नाकातून पोटात घालायची नळी त्यात खोचतात आणि ती भिंतीवरच्या सक्शनला जोडतात. आपल्या देशातल्या सर्जननी यावर कितीतरी निबंध छापले आहेत. म्हणजे स्वस्त व्हॅक आपल्याच छपराखाली होतं. फक्त ते कुठल्या नियमात नाही, खरेदीच्या यादीत नाही, सिस्टरच्या प्रशिक्षणात नाही. ड्युटीवरचा रेसिडेंट हौशी निघाला तर रुग्णाचं नशीब, बदली होऊन गेला तर त्याच रुग्णाच्या जखमेवर पुन्हा बेटाडिन आणि गॉज.

असा जुगाड वाऱ्यावर सोडण्यात धोकाही आहे, आणि तो आपण आमच्यापेक्षा चांगला ओळखता. २००९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपचारात झालेल्या मृत्यूंबद्दल आणि रक्तस्रावाबद्दल इशारा दिला होता. त्यातले बहुतेक मृत्यू घरी किंवा शुश्रूषागृहांत झाले होते. उघडी पडलेली रक्तवाहिनी, जखमेतला कर्करोग, मेलेलं मांस, हाडातला उपचार न झालेला जंतुसंसर्ग असेल तर हे लावायचंच नाही. भिंतीवरच्या सक्शनला दाब मोजणारं यंत्र नसेल तर ओढ किती बसते, ते कळत नाही. हे सगळं कोणी तरी लिहून भिंतीवर लावायला नको का? की ते लिहिलं तर ‘हे आम्हीच करतो’ असं कबूल करावं लागेल, म्हणून राहिलं आहे?

व्हॅक म्हणजे रामबाण, असं माझं म्हणणं नाही. शिरांच्या व्रणाला पहिला उपचार घट्ट, थरांनी बांधलेलं बँडेज हाच. आणि ते बांधण्याआधी पायाला शुद्ध रक्त पोहोचतं की नाही, हे हातातल्या डॉपलर यंत्राने तपासावं लागतं. मरोळच्या आसपासच्या किती दवाखान्यांत ते डॉपलर आहे? एक आकडा कळवा. पायाच्या व्रणांवर व्हॅकचा फायदा किती, याचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली घेतला, तेव्हा निकषांत बसणारी एकच चाचणी सापडली. रुग्ण साठ, तेही त्वचारोपणासाठी तयारी करत असलेले. साठ! केईएम, सायन, नायर, कूपर अशी चार वैद्यकीय महाविद्यालयं ज्या पालिकेच्या पदरी आहेत, तिने मनावर घेतलं असतं तर हा प्रश्न कधीच मुंबईत सुटला असता. बँडेजसोबत स्वस्त व्हॅक लावलेले रुग्ण एकीकडे, नुसतं बँडेज बांधलेले दुसरीकडे. यात न परवडण्यासारखं काय आहे? रुग्ण तर आम्ही फुकट पुरवतो.

आता आश्वासनांकडे येतो. मरोळचं कामगार विम्याचं रुग्णालय १७ डिसेंबर २०१८ रोजी पेटलं. बरे व्हायला आलेली माणसं धुरात गेली. महासंचालक महोदय, कामगाराच्या पगारातून या विम्यासाठी दर महिन्याला पाऊण टक्का कापला जातो आणि मालकाकडून सव्वातीन टक्के येतात. आगीनंतर ही कपात कधी थांबल्याचं आम्हाला आठवत नाही. आगीपूर्वी तिथे जितके रुग्ण भरती होत, तितके आज होतात का? नसतील, तर आमचे पैसे कोणत्या खाटेवर झोपले आहेत?

आयुक्त महोदय, मरोळ-मरोशी रस्त्यावर पालिकेच्या जमिनीवर सेव्हनहिल्स उभं राहिलं, तेव्हा दीड हजार खाटांचं बोलणं होतं आणि त्यातल्या वीस टक्के पालिकेच्या रुग्णांसाठी असणार होत्या. २०१८ साली प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. करोनात मात्र त्याच इमारतीत खाटा लागल्या, डॉक्टर आले, ऑक्सिजन आला. म्हणजे मनात आणलं की होतं, हे आपणच आम्हाला दाखवून दिलं. २०२२ साली ‘आपला दवाखाना’ आला. मोफत तपासणी, १४७ चाचण्या. चांगलं काम, कबूल. पण १४७ चाचण्यांत पायाचा व्रण भरत नाही. त्याला आठवड्यातून दोनदा, घराजवळ, शिकलेल्या हाताने बांधलेली पट्टी लागते. २०२४ च्या अर्थसंकल्पात ‘झिरो प्रिस्क्रिप्शन’ जाहीर झालं, बाहेरून काही आणायला लावणार नाही म्हणून. स्पंज, चिकटपडदा आणि थरांचं बँडेज त्या ‘काही’मध्ये मोडतं का?

आणि मंत्री महोदय, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०२३ साली ती सगळ्यांसाठी खुली करायचं आणि कवच पाच लाखांचं करायचं ठरलं. पण ती उघडते रुग्ण भरती झाल्यावर. पायाच्या जखमेचा रुग्ण चालत येतो आणि लंगडत घरी जातो. तो भरती होतो जखम हाडापर्यंत गेली की, किंवा पाय कापायची वेळ आली की. पाय कापायला पैसे आहेत, वाचवायला नाहीत, असा हिशेब कोणी मांडला, एवढं तरी सांगावं.

मागणी मोठी नाही. मरोळ परिसरातल्या एका दवाखान्यात आठवड्यातून तीन दिवस जखमेची ओपीडी सुरू करा, संध्याकाळी, शिफ्ट सुटल्यावर. तिथे डॉपलर, थरांचं बँडेज, दाब मोजता येणारे चार-सहा साधे सक्शन पंप आणि शिकवलेल्या दोन सिस्टर ठेवा. कोणाला व्हॅक लावायचं आणि कोणाला नाही, हे मराठीत आणि हिंदीत लिहून भिंतीवर लावा. बाह्यरुग्ण म्हणून बांधलेल्या प्रत्येक पट्टीचे पैसे फुले योजनेतून मिळतील, असा आदेश काढा. कामगार विम्याच्या कार्डवर तिथेच उपचार होतील, एवढं तिघांनी एका कागदावर सही करून द्या.

उत्तर ‘आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे’ असं येऊ नये. संबंधित विभाग आपण तिघेच आहात. सहीचा कागद तयार झाला की कळवा. वहिनींना घेऊन पहिल्या दिवशी मी रांगेत उभा राहीन. पायरी असेल तर रॅम्पची सोय तेवढी बघा.

आपला,
मरोळचा एक रहिवासी