शेवटच्या महिन्यात फिजिओथेरपी कशाला?

‘हातपाय चालताहेत तोवर ने रे देवा,’ असं आपल्याकडची म्हातारी माणसं उठताबसता म्हणतात. त्या मागण्यात मरणापेक्षा परावलंबनाची धास्ती मोठी असते. तरीही आजारावर इलाज उरला नाही म्हणून हॉस्पिसच्या देखरेखीखाली आलेल्या रुग्णाला फिजिओथेरपिस्ट द्यावा का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: आता कशाला छळता, निवांत पडू द्या त्यांना.

हे उत्तर अडाणीपणाचं म्हणून उडवून लावण्यासारखं नाही. कर्करोग शेवटाकडे जातो तेव्हा खाल्लेलं अंगी लागत नाही, स्नायू झिजत जातात आणि ही झीज व्यायामाने भरून निघत नाही. आजार हाडांत पसरला असेल तर नुसतं चुकीच्या पद्धतीने उभं केल्याने मांडीचं हाड मोडू शकतं. मणक्यात असेल तर पायांतली उरलीसुरली ताकदही जाऊ शकते. त्यात घरच्यांची आशा. थेरपिस्ट घरी यायला लागला की ‘म्हणजे बाबा सुधारताहेत’ असा अर्थ लावला जातो. परगावचा मुलगा रोज फोनवर ‘आज किती पावलं चालले?’ विचारतो आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेली गोष्ट घरात कुणी उच्चारतच नाही. रुग्णालाही ‘मला नको’ म्हणणं जड जातं, कारण तसं म्हटलं की तो हरला, असं सगळ्यांना वाटणार.

अमेरिकेत तर या आशेला पैशाचीही जोड मिळाली. तिथल्या मेडिकेअर या सरकारी विम्यात १९८३ पासून हॉस्पिस सेवा मिळते. हॉस्पिसमध्येही लक्षणं आटोक्यात ठेवण्यासाठी आणि रोजची कामं जमत राहावीत म्हणून फिजिओथेरपी, व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) आणि वाचा-उपचार देता येतील, असं नियमच सांगतो. तरतूद उत्तम. पण हॉस्पिसला पैसे मिळतात दिवसाच्या ठरलेल्या दराने. थेरपिस्टला बोलावलं तर त्याचा खर्च त्यातूनच निघतो. साहजिकच हात आखडतो. याउलट रुग्णालयातून थेट पुनर्वसन केंद्रात गेलं तर तिथलं राहणं-खाणं काही काळ विम्यात बसतं, घरच्या किंवा वृद्धाश्रमातल्या हॉस्पिसमध्ये ते बसत नाही. परिणामी मरणाच्या दारात असलेली माणसंही ‘ताकद भरून काढायला’ केंद्रात पाठवली जातात. हवी तिथे थेरपी नाही, नको तिथे सक्तीची, असा हा उफराटा न्याय. थेरपीवरचा मोठा आक्षेप मला इथे सापडतो, पण तो व्यवस्थेवरचा आक्षेप आहे.

आता दुसरी बाजू. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, तेव्हापासून हॉस्पिस चळवळीचा रोख मरेपर्यंत जगू देण्यावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या व्याख्येतही रुग्णाला मृत्यूपर्यंत शक्य तितकं सक्रिय जगता यावं, यासाठी आधार देण्याची गोष्ट आहे. जे. हर्बर्ट डिएट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी कर्करोग्यांच्या पुनर्वसनाचे चार प्रकार मांडले, त्यातला शेवटचा बरं न होणाऱ्यांसाठीच होता.

व्याख्या राहू द्या. थेरपिस्ट प्रत्यक्षात काय करतो ते पाहावं. धाप लागलेल्या बाईला टेबलावर उशी ठेवून, कोपरं टेकवून, पुढे झुकून बसायला शिकवतो. ओठ आवळून सावकाश श्वास सोडायला लावतो. हातातला छोटा पंखा तोंडासमोर धरायला सांगतो. धाप जात नाही, तिची घबराट कमी होते. स्तनाच्या कर्करोगाने सुजलेल्या हाताला पट्ट्या बांधून तो हलका करतो. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे तंबाखूच्या कृपेने भरपूर. कोणता घास किती घट्ट असावा, गिळताना मान कशी ठेवावी, हे त्यांना सांगणारा माणूस औषधाइतकाच मोलाचा. आंघोळ स्टुलावर बसून केली तर संध्याकाळी नातवंडांशी बोलण्यापुरती शक्ती शिल्लक राहते, हा हिशेबही त्यातच आला. आणि पलंगावरून कमोडच्या खुर्चीवर एकट्या सुनेला सासूबाईंना कसं नेता येईल, तेही. सुनेची कंबर वाचणं हा काही दुय्यम लाभ नव्हे.

म्हणून मी या थेरपीच्या बाजूने आहे, पण ती रोजच्या तासाभराच्या व्यायामाच्या रूपात नको. सुरुवात लवकर व्हावी, माणूस अंथरुणाला खिळण्याआधी. दोन-तीन भेटी पुरेत, आणि त्यांतला निम्मा वेळ नर्सला आणि घरच्यांना शिकवण्यात जावा. काय साधायचं ते रुग्णाने सांगावं; ‘गॅलरीत बसायचंय’ हे उद्दिष्ट ‘पन्नास पावलं’पेक्षा चांगलं. दर आठवड्याला पुन्हा विचारावं, आणि तो ‘पुरे’ म्हणाला की मुलांच्या आग्रहाकडे पाहू नये.

महाराष्ट्राला हे परकं नाही. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना, १९८६ मध्ये वांद्र्यात उभं राहिलं. पुण्यात सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे. त्याही आधी, १९५० मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. इतकी जुनी विद्या आपल्या शहरांत असूनही आरोग्य विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याभोवतीच फिरतो, घरी येणाऱ्या थेरपिस्टचे पैसे कुटुंबाच्या खिशातून जातात. जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टला आठवड्यातला एक दिवस घरभेटींसाठी मोकळा ठेवला, तर नवं खातं न काढता सुरुवात होईल.

एक वाद मात्र कुठल्याही योजनेने सुटणारा नाही. बऱ्याच रुग्णांची शेवटची इच्छा ‘संडासला माझा मी जाईन’ एवढीच असते, आणि पडण्याचा सर्वांत मोठा धोका तिथेच असतो. रुग्णालयं धोका पाहून बेडपॅन देतात, घरचे डायपर आणतात. दोघांचंही चुकतं असं म्हणवत नाही, कारण हाड मोडलं तर उरलेले दिवस वेदनेत जातील. तरीही शुद्धीवर असलेला माणूस हा धोका समजून घेऊन ‘जायचंय’ म्हणत असेल, तर त्याला जाऊ द्यावं, असं माझं मत आहे. भिंतीला दांडा बसवावा, ओली फरशी पुसावी, सोबत एकाने चालावं आणि आतून कडी लावायची नाही एवढं कबूल करून घ्यावं.